दोनशे सत्ताविसावं भोक

बेरीज दोनशे सत्तावीस आली. यायला हवी होती दोनशे सव्वीस.

मी नळाच्या सामानाच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. छत्तीस वर्षं तोट्या, वायसर आणि नटबोल्ट मोजतोय. एकाचा फरक आला म्हणून आमच्यासारखा माणूस घाबरत नाही, त्याला फक्त खाज सुटते, आणि ती भागल्याशिवाय घास उतरत नाही. बाराला पाच मिनिटं कमी होती. डबा उघडून ठेवला होता आणि समोर रजिस्टर होतं. गोदामाचं नव्हे, आमच्या इमारतीचं. शेजारच्या इमारतीने तपशील मागितला होता: किती घरं, किती भोकं, किती माल लागला. संध्याकाळी देतो असं कबूल केलं होतं, म्हणून पिशवीत घालून कामावर आणलं होतं.

भोकांचं रजिस्टर कशासाठी, ते आधी सांगायला हवं.

त्या वर्षी गॅसचे आणि विजेचे दर तीनदा वाढले. तिसऱ्या वाढीनंतर आमच्या इमारतीत एक वेगळीच भीती शिरली. पूर्वी माणसं थंडीला घाबरून हीटर लावायची. आता हीटरला घाबरून थंडीत बसायला लागली. जिन्यात भेटलेला माणूस तब्येत विचारायचा सोडून मीटरचा आकडा विचारायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या टेलरबाई इस्त्री तापली की कपड्याआधी स्वतःची बोटं शेकून घ्यायच्या. पहिल्या मजल्यावरचा रंगारी घरातही कानटोपी काढेना. त्याची बायको म्हणायची, नवऱ्याचे कान शेवटचे पाहिले त्याला दोन महिने झाले. हसायचे सगळे, पण बिलाचा लिफाफा दाराच्या फटीतून आत पडला की तो जमिनीवर तसाच ठेवून त्याला वळसा घालून जाणारी घरंही मी पाहिली आहेत.

मग एका रविवारी आम्ही चोवीस घरांची माणसं जिन्यातच पायऱ्यांवर बसलो. कंपनीला अर्ज करून झाले होते, उत्तरंही आली होती आणि सगळी एकाच छापाची होती. शेवटी असं ठरलं की दर आपल्या हातात नाहीत, पण भोकं आहेत. जेवढी ऊब आपण विकत घेतो त्यातली निम्मी खिडक्यांच्या चौकटींतून आणि दारांखालून निघून जाते. तेव्हा घरोघर जाऊन, वर्गणीतून माल आणून, सगळी भोकं आपणच बुजवायची. रंगाऱ्याने फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचं काम घेतलं. टेलरबाईंनी जुन्या कपड्यांच्या नळ्या शिवून त्यांत भुसा भरला आणि दारांखाली टाकायला चोवीस लांबलचक उशा केल्या. इमारत त्यांना अजगर म्हणू लागली. नोंदी माझ्याकडे आल्या. इमारतीत मला बेरीजभाऊ म्हणतात. तोंडावरही म्हणतात.

हिशेब सोपा होता, कारण सगळी घरं एका नकाशाची. खिडक्यांच्या चौकटी चार, दारांखालच्या फटी दोन, पाइप भिंतीतून जातात ती भोकं दोन, आणि दारातली टपालाची फट एक. झाली नऊ. शिवाय प्रत्येक घरात बाहेरच्या खोलीत, गॅस हीटरच्या शेजारी, जमिनीपासून वीतभर वर एक जाळी आहे, पंजाएवढी, बाहेरची हवा आत घेणारी. चौदा घरांत गॅस हीटर आहेत. उरलेल्या दहांनी ते काढून विजेचे घेतले, त्यांना त्या जाळीचा काही उपयोग नाही. म्हणून विजेच्या घरात दहा भोकं बुजवायची आणि गॅसच्या घरात नऊ.

हे आम्हाला गॅसफिटरने सांगितलं होतं. कामाला लागायच्या आधी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. माणूस मितभाषी, जिन्यात उभा राहून दोनच वाक्यं बोलला. “हीटरलाही श्वास लागतो. त्याला बाहेरचा मिळाला नाही, तर तो तुमचा घेईल.” बायकांनी पदर सावरले, पुरुषांनी खाकरून घेतलं, आणि मी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं: गॅस ९, वीज १०.

चौदा नवे एकशे सव्वीस. दहा दाहे शंभर. मिळून दोनशे सव्वीस. माझी बेरीज दोनशे सत्तावीस.

मी पान वरून खाली तपासत आलो. बोट सरकत होतं: नऊ, नऊ, दहा, नऊ. चौथ्या मजल्यावर आलो. शेवटून दुसरी ओळ. इंधन: गॅस. भोकं: दहा. अक्षर माझंच.

ते घर माझ्या ताईचं.

ताई एकाहत्तरची. तेहेतीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, लग्न केलं नाही, मला शिकवलं, आणि मी अठ्ठावन्नाचा झालो तरी मला छोट्या म्हणते. तिच्या हीटरला सात वर्षं काडी लागली नव्हती. गॅसचा आकडा ती रोज सकाळी पाहायची आणि तो हलला नाही याचा तिला कोण आनंद. दोन स्वेटर, एक कोट, पायांत लोकरी मोजे, त्यावर आणखी मोजे, अशी खुर्चीत बसायची.

तीन आठवड्यांपूर्वीची ती दुपार मला आता लख्ख दिसली. रंगारी गुडघ्यांवर बसलाय, शेवटचं काम तिच्याकडे उरलंय, हातातल्या पात्यावर लांबी उरलीय. जाळीतून गार वारा येतोय आणि ताई पाय वर घेऊन बसलीय. रंगारी विचारतो, ही बुजवू का, ताई हीटर कुठे लावतात? आणि मी, उभ्या उभ्या रजिस्टरवर डोळे ठेवून म्हणतो, “बुजव. ती लावते थोडीच.” आणि लिहितो, दहा.

एवढंच असतं तर काही नव्हतं. न पेटणाऱ्या हीटरशेजारची बुजलेली जाळी कुणाच्या जिवावर उठत नाही. पण भोकं बुजवल्यावर पहिली बिलं आली आणि खरंच कमी आली. जिन्यात पुन्हा बैठक झाली. प्रत्येक घराने वाचलेल्या पैशातला थोडा वाटा काढला, एक डबा केला आणि असं ठरलं की यातून दर महिन्याला एका घराला ऊब द्यायची. पहिला मान कुणाचा यावर वाद झालाच नाही. जी सात वर्षं थंडीत बसली तिचा. पैसे परस्पर तिच्या गॅसखात्यावर भरले, म्हणजे तिला परत करायची सोय नको.

ताई तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली, बरं, लावीन सावकाश. तिचं सावकाश मला माहीत होतं. म्हणून त्या दिवशी सकाळी कामावर निघताना मी तिच्याकडे गेलो, गुडघे टेकून हीटरचं बटण फिरवलं, काडी लावली, निळी ज्योत पाहिली, तिची खुर्ची जवळ ओढून दिली आणि म्हणालो की संध्याकाळी येईन तेव्हा तुझा एक स्वेटर काढलेला दिसायला हवा. तिने बघितलं. “फार शेफारलास तू,” म्हणाली. पण हात मात्र ज्योतीकडे नेले.

जाळीकडे माझं लक्षच गेलं नाही. आठ पन्नासची बस होती.

गोदामात डबा तसाच उघडा ठेवून मी फोन उचलला. ताईचा फोन बंद. तो कायमच बंद असतो. चार्जिंगला वीज लागते, आणि शिवाय तिचं म्हणणं असं की तेहेतीस वर्षं लोकांचं ऐकलं, आता पुरे. संध्याकाळी सातला दहा मिनिटं चालू करते.

मी टेलरबाईंना फोन लावला. मशीन चालू असलं की त्यांना ऐकू येत नाही. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला. त्यांना वाटलं, मी भुशाच्या पोत्यांचा आकडा विचारतोय. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता चौथ्या मजल्यावर जा, ताईचं दार ठोठावा, फोन कानाला तसाच राहू द्या. ताईच्या दाराची चावी माझ्या कमरेला होती; जुडग्यातली तिसरी. मी ती मुठीत धरून रस्त्यावर आलो, समोर आलेल्या बसमध्ये चढलो. सात थांबे.

टेलरबाई जिने चढत होत्या. त्यांचा दम मला ऐकू येत होता.

“बेल वाजत नाही,” त्या म्हणाल्या.

बेल मीच काढायला लावली होती. चोवीस घरांच्या बेला, चोवीस ट्रान्सफॉर्मर, दिवसरात्र थोडी थोडी वीज खातात. हाताने ठोठावू, म्हटलं होतं. रजिस्टरात त्याचं वेगळं पान आहे.

त्या ठोठावत होत्या. दाराला आतून मी आणि रंगाऱ्याने जुनी सतरंजी ठोकली होती, थंडी अडते म्हणून. ठोठावल्याचा आवाज गादीवर मारल्यासारखा येत होता. टपालाची फट उघडून आत पाहा म्हटलं, तर ती कागदाचे बोळे कोंबून वर लांबी भरलेली. दाराखालून पाहा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिथे त्यांचाच अजगर होता. आम्ही त्या घराचं एकही भोक सोडलं नव्हतं. इतकं नीट काम आयुष्यात केलं नव्हतं.

“मला तर कसलाच वास येत नाही हो,” त्या म्हणाल्या. आशेने म्हणाल्या.

“त्या विषारी हवेला वास नसतो.”

त्यांनी इतक्या जोरात रंगाऱ्याला हाक मारली की बसमधल्या दोघांनी माझ्या फोनकडे वळून पाहिलं.

दोन थांबे गेले. रंगाऱ्याच्या बायकोने रुग्णवाहिका बोलावली, हे मला मागाहून कळलं. रंगारी वर आला होता आणि दाराला खांदा देत होता, दार हलेना. कुलूप चांगलं होतं, मीच गोदामातून घाऊक भावात आणलेलं. मी ओरडून सांगितलं की दार सोडा, व्हरांड्यातली स्वयंपाकघराची खिडकी फोडा. रंगारी म्हणाला काहीतरी. त्याने ती खिडकी तीन आठवड्यांपूर्वी दोन दिवस खपून सीलबंद केली होती. टेलरबाई तोवर खाली जाऊन इस्त्री घेऊन आल्या होत्या, जुनी, लोखंडी बुडाची. खिडकीसमोर क्षणभर थांबल्या असाव्यात.

“काच कुणाच्या खात्यावर?” त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडून असल्या वेळीही तेच यायचं, आणि दोष माझाच. दोन महिने मीच सगळ्यांना ही सवय लावली होती.

“माझ्या,” मी म्हणालो. “फोडा.”

आवाज आला. मग दुसरा. मग त्यांनी फोन कठड्यावर ठेवला असावा, कारण नंतर मला फक्त वारा ऐकू येत होता.

त्या वाऱ्यात मी चार थांबे बसलो. सीट नंबर अकरा. शेजारच्या बाईने विचारलं, कुणी आजारी आहे का, आणि मी मोजत राहिलो. सकाळी आठ चाळीसला पेटवला. आता बारा वीस. तीन तास चाळीस मिनिटं. खोली बारा बाय दहा. हे आकडे कशाने गुणायचे ते मला माहीत नव्हतं, तरी मी गुणत होतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर ताईच्या खुर्चीपाशी येऊन थांबत होतं. फोनमध्ये कुणीतरी काचेवरून चाललं. मग पुन्हा वारा.

मी पोहोचलो तेव्हा दार आतून उघडलेलं होतं, सतरंजी अर्धी लोंबत होती. टेलरबाई आणि रंगाऱ्याने ताईला खुर्चीसकट ओढत व्हरांड्यात आणलं होतं. दोन स्वेटर, कोट, मोजे. तिने एकही काढला नव्हता. मान कलली होती. ओठांचा रंग मला बरा वाटला, लालसर, निरोगी, आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाने तोच पाहून घाईघाईने तिला ऑक्सिजनचा मास्क लावला तेव्हा कळलं, तो लाल रंग विषारी हवेचा होता. मी तिथेच जमिनीवर बसलो. रंगारी भिंतीला टेकून उभा होता; कानटोपी पडली होती, हातातून रक्त येत होतं आणि तो पुन्हा पुन्हा एकच बोलत होता, की मी विचारलं होतं, बेरीजभाऊ, मी विचारलं होतं ना तुम्हाला.

“विचारलं होतंस,” मी म्हणालो.

तिला खाली नेलं, तेव्हा तिच्या चपला घ्यायला मी आत गेलो. हीटर रंगाऱ्याने बंद केला होता. शेजारच्या भिंतीवर कॅलेंडर आणि दोरीला पेन्सिल. ताईचं अक्षर छापल्यासारखं. तेहेतीस वर्षं ट्रंक कॉलच्या वेळा लिहिलेला हात. त्या दिवसाच्या चौकोनात तिने लिहिलं होतं:

८.४० छोट्याने चालू. ९.२० मी बंद. डोकं जड (उबेची सवय नाही).
११.०५ चालू.

पुढे काही नव्हतं.

मी आयुष्यभर नोंदी पाहिल्या आहेत. आलेला माल, गेलेला माल. उघडलेली नोंद बंद झाली नाही की फार तर महिनाअखेरीला वरचा साहेब ओरडतो. त्या चौकोनासमोर मी किती वेळ उभा होतो ते मी कुठे लिहिलेलं नाही. तिच्या कंजूषपणावर मी किती चिडायचो. पण मधली ती पावणेदोन तासांची काटकसर नसती, तर खिडकी कितीही लवकर फुटली असती तरी उपयोग नव्हता. हे मला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि वर असंही की नशीब म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीत नीट बोलली. पहिलं वाक्य खिडकीबद्दल होतं. स्वयंपाकघराची काच फुटल्याचं तिला टेलरबाईंनीच सांगितलं होतं, आणि ऊब किती गेली असेल याचा तिला हिशेब हवा होता. मी तिला सगळं सांगितलं, दहाचा आकडा माझा होता हेही. तिने डोळे मिटून ऐकलं. “लहानपणीही हातचा विसरायचास,” म्हणाली, आणि कुशीवर वळली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

इमारतीत मात्र त्या दिवसापासून लोक भिंतींना घाबरायला लागले. मी चोवीसही घरांत रजिस्टर घेऊन फिरलो, गुडघ्यांवर बसून प्रत्येक जाळीवर हात ठेवला. गॅसच्या उरलेल्या तेराही घरांत वारा हाताला लागला, तरी प्रत्येक जण विचारायचा, पुन्हा एकदा बघता का. काहींनी भीतीपोटी नुसत्या जाळीवर न थांबता खिडक्यांची लांबीही खरवडून काढली आणि पुन्हा कुडकुडत बसले. पुन्हा जिन्यात बैठक झाली. गॅसफिटर आला, एकेक हीटर तपासून गेला, डब्यातल्या पैशांतून चौदा घरांत विषारी हवा ओळखून किंचाळणारं छोटं यंत्र बसवायचं ठरलं. बेला पुन्हा लागल्या. रजिस्टर माझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही. मीच टेलरबाईंना म्हणालो की तुम्ही ठेवा, तर त्या म्हणाल्या की ज्याला एकाचा फरक झोंबतो त्याच्याकडेच राहू द्या. दुसरा कुणी असता तर दोनशे सत्तावीस म्हणून सही करून मोकळा झाला असता. कौतुक होतं की टोमणा, ते मी अजून ठरवू शकलो नाही.

ताई पाचव्या दिवशी घरी आली. रंगाऱ्याने जाळी मोकळी करून घासून चकचकीत केली होती. नवीन यंत्र भिंतीवर हिरवा दिवा लावून बसलं होतं. फिटरने हीटर पास केल्याचा कागद मी दोनदा वाचला. म्हटलं, ताई, मी विजेचा एक आणतो, हा काढून टाकू.

“पैसे गॅसच्या खात्यावर भरलेत ना? मग लाव.”

“ताई.”

“सात वर्षांत पहिल्यांदा पाय गरम झाले होते, छोट्या. लाव.”

मी लावला. काडी दोनदा विझली. ज्योत निळी होती. मागच्या वेळीही निळीच होती. ती खुर्चीत बसली, आणि थोड्या वेळाने तिने कोट काढला, मग वरचा स्वेटर. मला कामावर जायचं होतं. आठ पन्नासची बस गेली, नऊ वीसची गेली. मी जमिनीवर जाळीसमोर बसून होतो, उघडा तळवा जाळीवर धरून. बाहेरचा गार वारा बोटांवर येत होता. तो येतोय तोवर ठीक, असं मी स्वतःला सांगत होतो. हात बधिर झाला तेव्हा वारा येतोय की थांबलाय ते कळेना, म्हणून दुसरा हात लावला.

तिचे डोळे मिटलेले दिसले.

“ताई?”

“काय आहे?”

“काही नाही.”

कॅलेंडरवर मी वेळ लिहिली. यंत्राचा हिरवा दिवा पाहिला. पुन्हा हात जाळीवर.

“ताई?”

“आहे रे,” ती डोळे न उघडता म्हणाली. “दर पाच मिनिटांनी हजेरी घेणार आहेस का?”

मी घड्याळ पाहिलं. चारच मिनिटं झाली होती.